दवाखान्याचा मालक कोण?

१९१३ साली कॅलिफोर्नियातल्या एका डेंटिस्टने सर्कस विकत घेतली, तीही धंद्याच्या हिशेबाने. कसरतपटू, नाचणाऱ्या पोरी आणि ब्रास बँड असा लवाजमा घेऊन ‘पार्कर डेंटल सर्कस’ गावात उतरायची. खेळ बघायला गर्दी जमली की मालक स्वतः पुढे यायचा आणि किडलेल्या दातांवर व्याख्यान झोडायचा. दात उपटायचे ५० सेंट आणि दुखलं तर उलट पेशंटलाच ५ डॉलर, अशी त्याची जाहीर बोली असे. बधिर करायला तो पातळ केलेलं कोकेन वापरी आणि त्याला ‘हायड्रोकेन’ असं भारदस्त नाव देई. ते लागू पडलं नाही तरी फारसं अडत नसे. खुर्चीवरचा माणूस आता ओरडणार असं दिसलं की पार्कर पाय आपटून खूण करायचा आणि बँड दणक्यात सुरू व्हायचा, असं सांगतात. त्याच्या गळ्यात दातांची माळ असे. त्यातले ३५७ दात आपण एकाच दिवसात उपटले, हा त्याचा दावा. ती माळ आणि उपटलेल्या दातांनी भरलेली त्याची बादली फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाने जपून ठेवली आहे.

एडगर रँडॉल्फ पार्करला भोंदू म्हणून मोडीत काढता येत नाही, कारण त्याच्याकडे रीतसर पदवी होती. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकचा हा मुलगा १८९२ मध्ये फिलाडेल्फिया डेंटल कॉलेजातून पास झाला आणि पाटी लावून पेशंटची वाट बघत बसला. जाहिरात करणं म्हणजे पेशाला बट्टा, अशी तेव्हाची शिकवण. आठवडे गेले तरी दारात कुणी फिरकेना. मग तो रस्त्यावर उतरला आणि पुन्हा कधी पेशंटची वाट बघत बसला नाही. ब्रुकलिनमध्ये त्याने बार्नमच्या सर्कशीत काम केलेला एक माणूस व्यवस्थापक म्हणून हाताशी धरला आणि ‘पेनलेस पार्कर’ हे नाव इमारतीभर रंगवलं. पुढे कॅलिफोर्नियात खोट्या नावाने दंतवैद्यकी करायला बंदी आली, तेव्हा पठ्ठ्याने १९१५ मध्ये कोर्टात जाऊन आपलं पाळण्यातलं नावच बदलून घेतलं. त्यानंतर कागदोपत्रीसुद्धा तो ‘पेनलेस पार्कर’.

भरभराटीच्या दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर त्याचे सुमारे २८ दवाखाने होते, पदरी सत्तरहून अधिक डेंटिस्ट होते आणि वर्षाची उलाढाल ३० लाख डॉलरच्या घरात होती. एवढा पसारा एका माणसाच्या नावावर कुठला मावायला? त्याने कंपनी काढली. जागा, खुर्च्या, जाहिरात, पगार सगळं कंपनीकडे. डेंटिस्टांनी फक्त दात बघायचे.

इथे त्याला राज्याच्या दंतवैद्यक मंडळाने गाठलं. कंपनीकडे डेंटिस्टचा परवाना नाही आणि परवाना नसलेल्याला हा धंदा करायला मदत करणं हा गुन्हा, असं म्हणून मंडळाने पार्करचाच परवाना निलंबित केला. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कंपनीच्या बाजूने मुद्दा साधा होता: आम्ही व्यवहार पाहतो, इलाज परवानाधारक डेंटिस्टच करतात, मग बिघडलं कुठे? १९३२ च्या निकालात न्यायालयाने हा मुद्दा मान्य केला नाही. परवाना मिळतो तो विद्या, कौशल्य आणि चारित्र्य पारखून. कंपनीला यांतलं काहीच नसतं. आणि धंद्याची बाजू इकडे, इलाजाची बाजू तिकडे, अशी वाटणी कायदा करत नाही. एक बाजू दुसरीत केव्हा शिरेल याचा नेम नाही, म्हणून अशी भिंत घालणं जवळजवळ अशक्यच, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

अमेरिकेत वैद्यकाच्या मालकीवर जे निर्बंध आहेत, त्यांचा गाभा या एका खटल्यात सापडतो. ‘कॉर्पोरेट प्रॅक्टिस ऑफ मेडिसिन’ या नावाने ते ओळखले जातात. डॉक्टर नसलेल्या माणसाने किंवा कंपनीने डॉक्टर पगारावर ठेवून त्याच्या कामाची फी आपल्या खिशात घालू नये आणि त्याच्या निर्णयांत ढवळाढवळ करू नये, असा त्यांचा आशय. हा काही वॉशिंग्टनमध्ये झालेला एकसंध कायदा नाही. प्रत्येक राज्याचा परवाना कायदा वेगळा, तिथल्या कोर्टांचे निकाल वेगळे आणि अपवाद तर त्याहून वेगळे. आज तीसच्या आसपास राज्यांत हा नियम या ना त्या रूपात आहे. कुठे तो कडक आहे, कुठे नावापुरता.

या नियमाच्या मुळाशी दोन भीती होत्या. पैकी भोंदूंची भीती समजायला सोपी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन वर्तमानपत्रं ‘इन्स्टिट्यूट’ नाव लावणाऱ्या दुकानांच्या जाहिरातींनी भरलेली असत. विजेचे झटके देऊन कुठलाही रोग बरा करणारी, नाक सरळ करून देणारी, चेहऱ्यावरचे डाग घालवणारी. त्यांतलं न्यू यॉर्कचं ‘वुडबरी डर्मॅटॉलॉजिकल इन्स्टिट्यूट’ घ्या. वुडबरी हे नाव घराघरांत पोचलं होतं ते साबणामुळे. वडीवर मालकाचं मान नसलेलं नुसतं मुंडकं छापलेलं असे आणि तीच त्याची खूण. १९०८ मध्ये न्यू यॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने या संस्थेची शिक्षा कायम केली. परवान्याविना वैद्यकी करायला ‘व्यक्ती’ला बंदी आहे, त्या ‘व्यक्ती’त कंपनीही आली, असा अर्थ न्यायालयाने लावला. पण तीन वर्षं आधी, १९०५ मध्ये, नेब्रास्काच्या न्यायालयाने अशाच एका विद्युत-वैद्यकी संस्थेच्या बाबतीत नेमकं उलटं म्हटलं होतं. कंपनी स्वतः इलाज करत नाही, डॉक्टरांशी फक्त करार करते, म्हणजे ती वैद्यकी करते असं म्हणता येत नाही. एकाच देशात दोन टोकांचे निकाल होते आणि पुढे बहुतेक राज्यं न्यू यॉर्कच्या वाटेने गेली.

दुसरी भीती कंपनी-डॉक्टरची. खाणी, लाकूडतोडीच्या छावण्या, रेल्वे ही कामं गावांपासून दूर चालत आणि माणसं रोज जायबंदी होत. मालक एक डॉक्टर नेमायचा आणि त्याच्या पगारासाठी कामगारांच्या मजुरीतून दरमहा ठरावीक रक्कम कापायचा. डॉक्टर कोणता, हे कामगाराला कुणी विचारत नसे. हात तुटला की इलाज करणारा हाच, आणि नुकसानभरपाईचा दावा लागला की ‘चूक कामगाराचीच’ अशी साक्ष द्यायची पाळी यायची तीही याच्यावरच. त्याची नोकरी मालकाच्या मर्जीवर. डॉक्टरची निष्ठा पेशंटशी की पगार देणाऱ्याशी, हा प्रश्न या छावण्यांत रोज उघडा पडत होता, आणि तो खरा प्रश्न होता याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही.

शहरात याचाच सौम्य अवतार होता. स्थलांतरितांची आणि कामगारांची मंडळं, ज्यांना तिकडे ‘लॉज’ म्हणत, ती एखादा डॉक्टर वर्षभरासाठी बांधून घेत. सभासदामागे वर्षाला एक-दोन डॉलर, की झालं. बाहेर एका घरभेटीची फी जवळपास तेवढीच असे. गरिबांना हे परवडायचं. डॉक्टरांच्या संघटनांना मात्र यात लिलाव दिसायचा. एकाने दीड डॉलर मागितला की दुसरा सव्वाला तयार.

इथून गोष्ट जरा गढूळ होते. १८४७ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन मेडिकल असोसिएशन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चांगलीच ताकदवान झाली होती आणि मध्यस्थ नको हे तिचं ब्रीद बनलं होतं. पेशंट आणि डॉक्टर यांच्यामध्ये तिसरं कुणी येता कामा नये. १९३४ मध्ये तिने दहा तत्त्वं जाहीर केली, त्यांतही हाच सूर होता. वैद्यकीय सेवेची सगळी सूत्रं डॉक्टरांच्याच हाती हवीत. पण तिसरं कुणी म्हणजे नफेखोर कंपनीच, असं नव्हतं. शेतकऱ्यांची सहकारी संस्थासुद्धा त्यात धरली जायची.

ओक्लाहोमातल्या एल्क सिटी या छोट्या गावी डॉ. मायकेल शदीद हे लेबनॉनहून आलेले गृहस्थ डॉक्टरकी करत. फेरीवाल्याचं काम करून ते शिकले होते. १९२९ मध्ये त्यांनी शेतकरी संघटनेपुढे एक कल्पना मांडली. प्रत्येकी ५० डॉलरचा शेअर घ्या, हॉस्पिटल आपणच बांधू. १९३१ मध्ये ते उभं राहिलं. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखात वाढलेल्या वाचकाला यात वावगं काहीच वाटणार नाही. काउंटीच्या डॉक्टर संघटनेला मात्र ते इतकं झोंबलं की शदीदना काढून टाकण्याची किचकट प्रक्रिया टाळायला तिने स्वतःलाच विसर्जित केलं आणि काही महिन्यांनी शदीदना वगळून पुन्हा जन्म घेतला. सदस्यत्व गेलं की त्या काळी बरंच काही जायचं. त्यांचा परवाना काढून घ्यायचेही प्रयत्न झाले. शेतकरी पाठीशी उभे राहिले म्हणून ते निभावले.

१९३६ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने शिकागोतला एका कंपनीचा कमी फीचा दवाखाना बेकायदा ठरवला. सगळे डॉक्टर परवानाधारक होते, पण मालक कंपनी होती. वॉशिंग्टनमध्ये १९३७ साली सरकारी गृहकर्ज खात्यातल्या नोकरदारांनी दरमहा वर्गणीवर चालणारी ‘ग्रुप हेल्थ असोसिएशन’ काढली. तिच्यावरही बेकायदा वैद्यकीचा ठपका ठेवायचा प्रयत्न झाला आणि तो कोर्टात टिकला नाही. मग दुसरी हत्यारं निघाली. तिच्या डॉक्टरांना संघटनेतून काढायचं, शहरातल्या हॉस्पिटलांनी त्यांना ऑपरेशनला उभं करू नये अशी व्यवस्था करायची. सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली थेट मेडिकल असोसिएशनवरच फौजदारी खटला भरला. १९४३ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली: राष्ट्रीय संघटनेला २,५०० डॉलर दंड, स्थानिक संघटनेला १,५००. रक्कम किरकोळ होती, पण पेशाची शिस्त आणि धंद्यातली मुजोरी यांच्यामधली रेघ सर्वोच्च न्यायालयाने ओढून दिली होती.

बाहेरच्या पैशापासून पेशंटला वाचवायचं म्हणून पुढे केलेला नियम या वर्षांत बहुतेक वेळा स्वस्त इलाजाच्याच आड आला, हे लपवण्यात अर्थ नाही. मोठ्या भांडवलाशी त्याची गाठ अजून पडायची होती.

पडली तीही आधी एका वाळवंटात. १९३३ मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी लॉस एंजेलिसकडे नेणाऱ्या कालव्याचं काम चाललं होतं. सिडनी गारफिल्ड नावाच्या तरुण सर्जनने तिथे १२ खाटांचं हॉस्पिटल टाकलं. विमा कंपन्या बिलं थकवत, काटछाट करत, आणि गंभीर पेशंट शहरात हलवत. हॉस्पिटल बुडायच्या बेतात आलं. तेव्हा असं ठरलं की विमा कंपन्यांनी दर कामगारामागे रोज ५ सेंट आगाऊ द्यायचे. कामाबाहेरच्या आजारांसाठी कामगाराने वाटल्यास स्वतःचे ५ सेंट भरायचे. पैसे आधीच आल्यावर डॉक्टरचं गणित उलटं फिरलं. जखमी कमी, तर फायदा जास्त. गारफिल्ड कामावर फिरून फळ्यांतून वर आलेले खिळे ठोकून घेत असत, ही हकिकत अजून सांगितली जाते.

हेन्री कायसर या बांधकाम सम्राटाने हाच डॉक्टर १९३८ मध्ये ग्रँड कूली धरणावर आणि युद्धकाळात रिचमंडच्या जहाजकारखान्यांवर नेला. १९४५ मध्ये योजना सर्वांसाठी खुली झाली. म्हणजे कामगारांचे डॉक्टर ठरवणारा एक उद्योगपती, कायद्याला नेमकी जिची धास्ती होती ती गोष्ट. उत्तर म्हणून १९४८ मध्ये डॉक्टरांनी आपली स्वतंत्र भागीदारी केली, ‘पर्मनेंटे मेडिकल ग्रुप’. विमा योजना एकीकडे, हॉस्पिटलं दुसरीकडे, डॉक्टर तिसरीकडे आणि मधे करार. वाद पुष्कळ झाले, पण इथे डॉक्टरांच्या भागीदारीला खरंच वजन होतं. हॉस्पिटल आणि योजना नफ्यासाठी नव्हत्या, हेही महत्त्वाचं.

पुढचं दार मात्र डॉक्टरांनीच उघडलं, आणि तेही इन्कम टॅक्ससाठी. चाळीस-पन्नासच्या दशकांत कंपनीच्या नोकरदाराला पेन्शन फंडावर करसवलत मिळे, भागीदारीतल्या डॉक्टरला नाही. मोंटाना राज्यातल्या मिसूला गावचे डॉ. आर्थर किंटनर आणि त्यांचे सहकारी यांनी आपला दवाखाना कंपनीसारखा बांधला आणि करखात्याशी भांडून १९५४ मध्ये अपील न्यायालयात जिंकले. कंपनी वैद्यकी करू शकत नाही असं ज्यांनी अर्धं शतक ठासून सांगितलं, त्यांनाच आता कंपनी हवी होती. साठच्या दशकात राज्यामागून राज्याने ‘प्रोफेशनल कॉर्पोरेशन’चे कायदे केले. कॅलिफोर्नियाचा १९६८ चा. १९६९ मध्ये करखात्यानेही हात टेकले. अट एकच: शेअर फक्त परवानाधारकांकडे.

ही अट ऐकल्यावर महाराष्ट्रातल्या वाचकाला सातबारा आठवायला हवा. शेतजमीन फक्त शेतकऱ्याला घेता येते, हे आपल्याकडे १९४८ च्या कूळ कायद्यापासून लहान मुलालाही ठाऊक आहे, आणि बिगरशेतकऱ्याचा पैसा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर कसा चढतो, हेही. अमेरिकेतल्या वकिलांनी तेच केलं, फक्त उघडपणे आणि पानंच्या पानं करार लिहून.

त्याला ते ‘फ्रेंडली पीसी’ म्हणतात; पीसी म्हणजे प्रोफेशनल कॉर्पोरेशन. दवाखान्याची कंपनी एका डॉक्टरच्या नावावर असते. जागा, यंत्रं, सॉफ्टवेअर, रिसेप्शनिस्ट, बिलं, वसुली, भरती हे सगळं दुसऱ्या एका व्यवस्थापन कंपनीकडे असतं आणि तिच्यात पैसा कुणाचाही चालतो. दोघींमध्ये लांब मुदतीचा करार असतो. व्यवस्थापनाची फी अशी बेतलेली असते की वर्षअखेरीस दवाखान्याच्या गल्ल्यात विशेष काही उरू नये. खरी मेख मात्र शेअर हस्तांतराच्या छोट्याशा करारात असते. मालक डॉक्टरने व्यवस्थापन कंपनीच्या संमतीवाचून शेअर विकायचा नाही, आणि कंपनीने सांगितलं की नाममात्र किमतीला तिने सुचवलेल्या दुसऱ्या डॉक्टरच्या नावावर करून द्यायचा. मालकी डॉक्टरची, पण मालकालाच काढून टाकायची सोय दुसऱ्याच्या हाती. कित्येकदा एकच डॉक्टर अनेक राज्यांतल्या दवाखान्यांचा असा मालक असतो आणि तिथल्या पेशंटनी त्याचं तोंडही पाहिलेलं नसतं.

धंद्याची बाजू वेगळी आणि इलाजाची वेगळी, ही पार्करचीच मांडणी. सर्कशीच्या माणसाकडून जी कोर्टाला चालली नव्हती, ती बड्या वकिली फर्मच्या लेटरहेडवर आल्यावर दशकानुदशकं चालून गेली. नियम पाळला जातोय की नाही हे बघायला परवाना मंडळांकडे माणसं कमी होती, आणि हवाही बदलली होती. १९७३ मध्ये केंद्र सरकारने वर्गणीवर चालणाऱ्या आरोग्य संस्थांना उत्तेजन देणारा कायदा केला. मेडिकल असोसिएशनच्या नीतिनियमांतले करारी नोकरीवरचे निर्बंध स्पर्धेला मारक असल्याचं व्यापार आयोगाने १९७९ मध्ये ठरवलं, आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ४ अशी बरोबरी होऊन ते कायम राहिलं. संघटनेचा दंडुका गेला, राज्यांचे कायदे तेवढे पुस्तकात उरले.

नव्वदच्या दशकात शेअर बाजारातल्या फायकोर आणि मेडपार्टनर्स या कंपन्यांनी दवाखाने घाऊक विकत घ्यायला सुरुवात केली. १९९७ च्या शेवटी दोघींच्या विलीनीकरणाची घोषणा झाली, जानेवारीत ती फिसकटली आणि फुगा फुटला. डॉक्टर पगारावर आल्यावर पहिल्यासारखे राबत नाहीत, हा शोध गुंतवणूकदारांना महागात पडला. फायकोरने २००२ मध्ये दिवाळं काढलं.

नंतर आले खासगी इक्विटीवाले, म्हणजे कंपन्या विकत घेऊन पुढे नफ्यात विकणारे फंड. त्यांनी हात घातला तो इमर्जन्सी विभाग, भूलतज्ज्ञ, त्वचारोग, डोळे आणि पुन्हा दात यांत. २०१५ मध्ये न्यू यॉर्कच्या महाधिवक्त्यांनी ‘अ‍ॅस्पेन डेंटल मॅनेजमेंट’ला धरलं. कंपनी आपण फक्त व्यवस्थापन करतो म्हणत होती, पण दवाखान्यांच्या नफ्यात तिचा वाटा होता आणि त्यांच्या कारभारावर तिची पकड होती, असं चौकशीत पुढे आलं. ४,५०,००० डॉलर भरून तिने प्रकरण मिटवलं. इमर्जन्सी डॉक्टर पुरवणारी ‘एन्व्हिजन’ ही कंपनी केकेआर या खासगी इक्विटी फर्मने २०१८ मध्ये ९.९ अब्ज डॉलरला घेतली. २०२१ मध्ये डॉक्टरांच्याच एका संघटनेने तिच्यावर कॅलिफोर्नियात कॉर्पोरेट प्रॅक्टिसच्या नियमाखाली दावा लावला. मे २०२३ मध्ये एन्व्हिजन दिवाळखोरीत गेली, ती मात्र कर्जापायी.

आपल्याकडे हा प्रश्न मुळात वेगळ्या जागी विचारला गेला. १९४९ च्या मुंबई नर्सिंग होम नोंदणी कायद्याने नर्स किती, जागा कशी हे विचारलं. भांडवल कुणाचं, याची त्याला फिकीर नव्हती. १९८३ मध्ये चेन्नईत अपोलो उभं राहिलं आणि कंपनीचं हॉस्पिटल ही नवलाई राहिली नाही. आपले नियम डॉक्टरचे हात बांधतात. २००२ च्या वैद्यकीय नीतिनियमांत पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घ्यायला किंवा द्यायला बंदी आहे. कट प्रॅक्टिस तरीही कुठे थांबली नाही. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदा करायला माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मसुदा झाला, कायदा काही झाला नाही. हॉस्पिटलची कंपनी आपल्या पगारी डॉक्टरला महिन्याला किती अँजिओप्लास्टी झाल्या म्हणून विचारते, त्याला मात्र ‘कट’ म्हणायची पद्धत नाही.

अमेरिकेत या नियमाला पुन्हा धार लावली ती ऑरेगन राज्याने. १९४७ मध्ये एका चष्म्याच्या कंपनीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला होता आणि दवाखान्यात बहुसंख्य शेअर डॉक्टरांचेच हवेत अशी अटही होती. पण नाममात्र मालकांची वाट तिथेही मळलेली होती. तशात कॉर्वॅलिस गावचा डॉक्टरांच्या मालकीचा मोठा जुना दवाखाना विकायला निघाला. घेणारी होती युनायटेडहेल्थ या बड्या विमा कंपनीची ऑप्टम. व्यवहाराची सरकारी तपासणी चालू असतानाच २०२४ च्या फेब्रुवारीत ‘चेंज हेल्थकेअर’ या बिलं पुढे पाठवणाऱ्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि देशभरातल्या दवाखान्यांचे पैसे अडकले. कॉर्वॅलिसच्या दवाखान्यालाही रोकड पुरेना, म्हणून तातडीची परवानगी मागितली गेली आणि मार्चमध्ये ती मिळाली. आता ही चेंज हेल्थकेअर कुणाची? ऑप्टमचीच.

९ जून २०२५ रोजी गव्हर्नर टीना कोटेक यांनी सिनेट बिल ९५१ वर सही केली. व्यवस्थापन कंपनीच्या भागधारकाने, संचालकाने किंवा नोकराने त्याच दवाखान्याचे बहुसंख्य शेअर धरायचे नाहीत. डॉक्टर कुणाला नेमायचं आणि काढायचं, एका पेशंटला किती वेळ द्यायचा, बिलाचं धोरण काय, फी किती, हे व्यवस्थापन कंपनीने ठरवायचं नाही. नोकरी सोडलेल्या डॉक्टरला त्याच गावात प्रॅक्टिस करायला मनाई करणारी आणि कंपनीविरुद्ध बोलायला तोंड बांधणारी कलमं बरीचशी बाद झाली. ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियानेही खासगी इक्विटीची ढवळाढवळ रोखणारा कायदा केला, जरा मवाळ.

मेडिकल असोसिएशनच्याच पाहणीनुसार डॉक्टरांच्या मालकीच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाण २०१२ मध्ये ६० टक्के होतं, ते २०२४ मध्ये ४२ टक्क्यांवर आलं. उरलेल्यांपैकी सर्वांत मोठा हिस्सा हॉस्पिटलांच्या पदरी आहे. हॉस्पिटलं ऑरेगनच्या कायद्यातून वगळलेली आहेत. नव्या दवाखान्यांना तो १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. जे आधीच व्यवस्थापन कंपन्यांशी बांधले गेले आहेत, त्यांना करार मोडून पुन्हा लिहायला २०२९ पर्यंतची मुदत आहे.